मोटारीच्या ब्रेकचा लाल दिवा : कमी खर्चात तपासणी व दुरुस्ती

पनवेल हे पूर्वीपासून गाड्यांचे गाव आहे. देशावरून माल घेऊन कोकणात उतरणारे गाडीवान परतताना येथून बैलगाडीच्या चाकांची जोडी घेऊन जात, व चाके बनविणे हा गावातील एक नावाजलेला धंदा होता. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यावर ही ये-जा आणखी वाढली. आज बैलगाडीची जागा जीप, छोटा टेम्पो आणि जुनी विकत घेतलेली मोटारगाडी यांनी घेतली आहे. पावसाळ्यातील काकडी, भेंडी व शिराळी असोत की हिवाळ्यातील वालाच्या शेंगा असोत, त्या वेळेवर बाजारात पोहोचल्या तरच त्यांना भाव मिळतो. म्हणून पुष्कळ शेतकरी कुटुंबांत आता एखादे चारचाकी वाहन असते. त्याचे हप्ते, डिझेल व विमा यांचा खर्च भागवितानाच हात आखडतो. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम क्वचितच शिल्लक राहते.

अशा परिस्थितीत स्टिअरिंगपुढील फलकावर ब्रेकचा लाल दिवा लागला, म्हणजे मालकापुढे दोन वाटा दिसू लागतात. दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच हाकावयाची, किंवा गॅरेजमध्ये जाऊन सांगतील तेवढे पैसे मोजावयाचे. पहिल्या वाटेत जिवाला धोका आहे आणि दुसरीत विनाकारण खर्च आहे. या दोहोंहून चांगला मार्ग म्हणजे दिव्याचे कारण ठराविक क्रमाने शोधणे. ज्या तपासणीला पैसा लागत नाही ती अगोदर करावी, थोड्या खर्चाची नंतर, आणि मोठा खर्च कारण निश्चित झाल्यावरच करावा. हा क्रम पाळला तर पुष्कळदा दोष थोडक्या पैशांत निघतो. आणि जेथे पैसा खर्च केलाच पाहिजे तेथे तो योग्य जागी खर्च होतो.

दिवा काय सांगतो

ब्रेकच्या दिव्यावर बहुधा वर्तुळात उद्गारचिन्ह काढलेले असते व वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेषा असतात. काही गाड्यांत उद्गारचिन्हाऐवजी ‘पी’ हे इंग्रजी अक्षर असते. हा एकच दिवा दोन-तीन ठिकाणच्या स्विचांना जोडलेला असतो. एक स्विच हँडब्रेकच्या दांड्यापाशी असतो. दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीत असतो; डबीतील तरंगता गोळा तेलाबरोबर खाली गेला की तो स्विच जुळतो व दिवा पेटतो. काही वाहनांत पॅडची झीज दाखविणारी तारही असते, तर काहींत ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधील निर्वात कमी झाल्यासही दिवा लागतो. तेव्हा दिवा लागला एवढ्यावरून नेमका दोष कळत नाही. तो कोणत्या स्विचामुळे लागला हे शोधावे लागते.

ब्रेकचे काम समजून घेतल्यास हा शोध सोपा होतो. चालकाने पायाने दिलेला दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलला मिळतो व लोखंडी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या चाकांना बहुधा डिस्क व पॅड असतात आणि मागच्या चाकांना ड्रम व लायनर असतात. तेल दाबले जात नाही, म्हणून दाब जसाच्या तसा पुढे जातो. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा शिरली की पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. आधुनिक गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन वेगळे भाग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काही चाकांना ब्रेक लावतो. परंतु गाडी थांबण्यास पुष्कळ जास्त अंतर लागते.

दिवा न लागणे हाही दोषच

किल्ली फिरविल्यावर व हँडब्रेक ओढलेला असताना हा दिवा लागलाच पाहिजे. गाडी सुरू करून हँडब्रेक पूर्ण खाली सोडला की तो विझला पाहिजे. रोज सकाळी एवढे पाहण्यास पैसा किंवा वेळ लागत नाही. किल्ली फिरविल्यावर दिवा मुळीच लागत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा तार यांत दोष आहे असे समजावे. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा अवश्य करावी, कारण दोष लपविण्यासाठी कोणीतरी बल्ब काढून टाकलेला असू शकतो.

बिनखर्चाची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली गेला आहे काय ते पाहावे. पुष्कळदा तो एक-दोन दाते वरच राहतो. दांड्यापाशी चिखल, भाताचा कोंडा किंवा पोत्याची सुतळी अडकल्यानेही स्विच सुटत नाही. जागा स्वच्छ करून दांडा दोन-तीन वेळा वर-खाली करावा. पावसाळ्यात हँडब्रेकची केबल गंजून अडकते. मग दांडा खाली जातो, पण मागचे लायनर ड्रमला घासतच राहतात. थोडे अंतर चालवून झाल्यावर मागच्या चाकाजवळ हात न्यावा. चाकाला हात लावू नये, नुसती धग अजमावावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असल्यास ब्रेक अडकला आहे असे समजावे.

२. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहावी. तिच्यावर वरची व खालची अशा दोन खुणा असतात. तेल या दोन खुणांच्या दरम्यान असावे. दिवा फक्त वळणावर, चढावर किंवा ब्रेक दाबताना क्षणभर लागत असेल, तर तेल खालच्या खुणेच्या आसपास आले आहे असा त्याचा अर्थ असतो.

३. चारही चाकांच्या आतील बाजू पाहाव्यात. टायरच्या आतल्या अंगाला ओला, तेलकट डाग असल्यास तेथून तेल गळत आहे. रबरी नळ्यांना भेगा, फुगवटा किंवा ओलावा आहे काय, व लोखंडी नळ्यांवर गंजाचे पापुद्रे आले आहेत काय तेही पाहावे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत व कोकणच्या पावसात या नळ्या लवकर गंजतात. पुष्कळ वाहनांत क्लचलाही याच डबीतून तेल जाते; म्हणून क्लचच्या पेडलाजवळचा ओलावाही पाहावा.

४. तेल पुरेसे आहे, गळती नाही, हँडब्रेक सुटलेला आहे आणि तरीही दिवा पेटतो, असे असल्यास तारा पाहाव्यात. गोठ्याजवळ किंवा पेंढ्याच्या आश्रयाला उभ्या केलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. डबीच्या स्विचाची जोडणी काढल्यावर दिवा विझला, तर बहुधा तो स्विच किंवा तरंगता गोळा बिघडलेला असतो. ही केवळ परीक्षा आहे. ती झाल्यावर जोडणी पुन्हा बसवावी व स्विच बदलावा. जोडणी काढून ठेवून गाडी वापरू नये.

५. शेवटी पेडल तपासावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे व नंतर जोराने दाबून धरावे. ते टणक राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात असल्यास कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वाशर निकामी झाले आहेत. मऊ लागल्यास नळीत हवा आहे. पेडल दाबून धरलेले असतानाच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले म्हणजे बूस्टर काम करीत आहे.

गाडी केव्हा जागची हलवू नये

दिव्याबरोबर पेडल मऊ झाले, खोल जाऊ लागले, गाडी एका बाजूस ओढू लागली किंवा चाकाशी तेल दिसले, तर गाडी तेथेच थांबवावी. अशा वेळी भाजी नासेल, बाजार चुकेल, हे नुकसान खरे आहे. परंतु माल दुसऱ्या वाहनात चढविता येतो. मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी क्रेनने न्यावी. दोराने ओढून नेणे योग्य नाही, कारण ओढली जाणारी गाडी थांबविण्यासही ब्रेकच लागतो.

ब्रेकच्या लाल दिव्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर पट्टा तुटला आहे काय ते पाहावे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत बूस्टरला निर्वात पुरविणारा पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. पट्टा तुटला की बॅटरी भरणे व ब्रेकचा जोर ही दोन्ही जातात आणि पेडल दगडासारखे कठीण होते.

पिवळा किंवा नारिंगी ‘एबीएस’ दिवा वेगळा आहे. तो एकटाच लागला असल्यास साधा ब्रेक बहुधा चालू असतो, पण जोराने दाबल्यावर चाके घसरू न देणारी यंत्रणा बंद झालेली असते. पुष्कळदा चाकाजवळच्या सेन्सरवरील चिखल किंवा तुटलेली तार एवढेच कारण असते. अशी गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लाल व पिवळा असे दोन्ही दिवे एकत्र लागल्यास मात्र गाडी थांबवावी.

तेल कमी झाले म्हणून नुसते भरू नये

डबीतील तेल दोन कारणांनी कमी होते. एक गळती, आणि दुसरे पॅड व लायनर यांची झीज. पॅड झिजले की कॅलिपरमधील पिस्टन अधिक बाहेर येतो व त्याच्यामागे तेल जाऊन बसते. त्यामुळे डबीतील पातळी महिनोन्महिने सावकाश उतरते. अशा वेळी तेल भरून दिवा विझविला, तर झिजलेल्या पॅडची सूचनाच बंद होते. म्हणून तेल भरण्यापूर्वी पॅड पाहावेत. पॅडवरील घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या खाली आला असल्यास पॅड बदलण्याची वेळ झाली असे समजावे. काही पॅडना पातळ पत्रा लावलेला असतो. थर संपत आला की तो डिस्कला घासून किंचाळल्यासारखा आवाज करतो. तो आवाज ऐकून वेळीच पॅड बदलले तर खर्च पॅडपुरता राहतो. तसेच चालविले तर लोखंडावर लोखंड घासून डिस्क खराब होते आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

तेल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच घालावे. बहुतेक मोटारींत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे तेल लागते. इंजिन ऑइल, डिझेल किंवा हायड्रॉलिक ऑइल या डबीत कधीही घालू नये. त्यामुळे सर्व रबरी वाशर फुगतात, आणि बाटलीभर तेलाची बचत करण्याच्या नादात मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सर्व रबरे बदलण्याची पाळी येते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात धरतात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ असे आहेत. ओलावलेले तेल तापून उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावे. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. सांडलेले तेल रंग खाते, म्हणून ते लगेच पाण्याने धुवावे व अंगावर किंवा भाजीच्या टोपल्यांवर पडू देऊ नये.

घाटाचा हिशेब

पनवेल तालुक्यातील सपाट रस्त्यावर चालून जाणारा दोष घाटात चालून जात नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. मालासह अडीच टन वजनाच्या गाडीची एवढ्या उतारात जी शक्ती मोकळी होते, ती उष्णतेच्या रूपात साठविल्यास सुमारे ४० लिटर पाणी उकळीला येईल. तिचा काही भाग इंजिन व वारा घेतात. उरलेली सर्व उष्णता ब्रेकला पचवावी लागते. चालकाने खालचा गिअर ठेवला तर इंजिनचा वाटा वाढतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सारा भार ब्रेकवर येतो व ओले तेल अशाच वेळी उकळते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची रीत आजही योग्य आहे.

उतारावर ब्रेक गेलाच तर पेडल भराभर दाबीत राहावे, एकेक गिअर खाली घ्यावा, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढावा, हॉर्न व चारही दिवे चालू ठेवावेत आणि चढाच्या किंवा मोकळ्या मातीच्या जागेकडे गाडी न्यावी. इंजिन बंद करू नये व किल्ली काढू नये. किल्ली काढल्यास स्टिअरिंग अडकते.

पैसा कोठे वाचवावा

बचत कामाच्या पद्धतीत करावी. दुरुस्तीपूर्वी दोष कोणता हे मेकॅनिककडून समजून घ्यावे व मजुरी अगोदर ठरवावी. सुटा भाग शक्य तर स्वतः दुकानातून बिलासह आणावा व काढलेला जुना भाग परत मागून पाहावा. स्विच, बल्ब, तार, रबरी वाशर व हवा काढणे ही कामे थोड्या खर्चाची आहेत. सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे नसतील, आणि त्या गाडीसाठी रबर किट मिळत असेल, तर नवा सिलिंडर न घेता किट बदलून काम भागते. हे मात्र जाणत्या मेकॅनिकनेच ठरवावे.

हवा काढण्यास दोन माणसे पुरतात. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने चाकाजवळील निपल किंचित सैल करावा, बुडबुड्यांसह तेल नळीतून बाटलीत येऊ द्यावे, निपल आवळावा आणि मगच पहिल्याने पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करतात. मधल्या काळात डबी रिकामी होऊ देऊ नये. बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांनी ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. एबीएस असलेल्या काही गाड्यांना गॅरेजमधील यंत्र लागते.

पैसा कोठे वाचवू नये

बल्ब काढणे, तार तोडणे, दिव्यावर चिकटपट्टी लावणे हे उपाय मुळीच करू नयेत. गळणाऱ्या चाकाची नळी ठोकून किंवा स्क्रू घालून बंद करणे ही त्याहून घातक युक्ती आहे. त्यामुळे एका बाजूचेच चाक अडते व ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. पॅड व लायनर नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. जुन्या बाजारातील वापरलेले पॅड, नळ्या व वाशर घेऊ नयेत. तेल लागलेले लायनर धुऊन किंवा घासून पुन्हा बसवू नयेत. दुरुस्ती झाल्यावर रिकामी गाडी मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहावी आणि मगच तीत माणसे किंवा माल चढवावा.

ट्रॅक्टरधारकांसाठी एक सूचना येथे आवश्यक आहे. शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल वेगवेगळे वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती दोन्ही पेडले कडीने जोडलीच पाहिजेत. नाही तर एकच चाक अडून ट्रॅक्टर उलटतो.

गावाने एकत्र करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, गावातील वाहनधारकांना एक दिवस एकत्र बोलवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला तरुण आता पुष्कळ गावांत असतो. त्याची किंवा ओळखीच्या गॅरेजवाल्याची मदत घ्यावी. एकाच दिवशी चार-पाच गाड्यांची तपासणी झाली तर मजुरी वाटून घेता येते. ब्रेक ऑइलची मोठी बाटली छोटीपेक्षा स्वस्त पडते, पण ती फोडून ठेवल्यास ओलावते. एकाच प्रतीचे तेल लागणाऱ्या गाड्यांचे काम एकत्र केल्यास ती त्याच दिवशी संपते आणि सर्वांचाच फायदा होतो. प्रत्येक गाडीसाठी तेल बदलल्याची तारीख व पॅडची जाडी वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तीच वही पाहून कोणते काम निकडीचे व कोणते थांबू शकेल हे सांगता येईल.

भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्या वेळी ब्रेकची तपासणी होते. परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाडीवर देखरेख ठेवणारा मालकच असतो. त्याने दर महिन्याला थोड्या रुपयांची वेगळी शिल्लक ब्रेकसाठी म्हणून ठेवावी, रोज सकाळी किल्ली फिरविताना दिवा लागतो व विझतो हे पाहावे, आणि तो विझला नाही तर भाजीच्या पाट्या चढविण्यापूर्वी बॉनेट उघडावे. तेलाच्या डबीकडे नजर टाकण्यास फार वेळ लागत नाही, आणि त्या गाडीतून बाजाराला जाणारी सर्व माणसे संध्याकाळी सुखरूप घरी यावयाची असतात.